कायिक उत्परिवर्तने आणि मेंदूचे विकार

१८७९ साली विल्यम ॲलन स्टर्ज या इंग्रज वैद्यांनी लंडन येथील क्लिनिकल सोसायटीपुढे साडेसहा वर्षांच्या एका मुलीची हकीकत मांडली. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या भागावर जन्मापासून द्राक्षारसाच्या रंगाचा मोठा डाग होता, आणि तिला वारंवार आकडी येत असे. आकडीचा प्रारंभ शरीराच्या डाव्या बाजूस होई. डाव्या बाजूच्या हालचालींचे नियंत्रण मेंदूचा उजवा अर्धगोल करतो, ही गोष्ट तोवर ज्ञात झालेली होती. डाग उजवीकडे आणि आकडी डावीकडे या दोन गोष्टी शेजारी ठेवून स्टर्ज यांनी असे अनुमान केले की, जो विकार चेहऱ्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्यांत डोळ्यांना दिसतो, तसाच विकार त्याच बाजूच्या मेंदूच्या पृष्ठभागावरही असला पाहिजे. मुलगी जिवंत होती, आणि क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप सोळा वर्षे होती. पडताळा पाहण्याचे साधन हाती नसताना केवळ तर्काने काढलेले हे अनुमान पुढे खरे ठरले. १८९७ साली कालिशर यांना अशाच एका रुग्णाच्या शवविच्छेदनात मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्यांचा विकार प्रत्यक्ष आढळला, आणि १९२२ साली फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने कवटीच्या आतील बदल दाखवून दिले. तेव्हापासून हा विकार स्टर्ज-वेबर विकार या नावाने ओळखला जातो.

नाव मिळाले, परंतु कारण मिळाले नाही. मुलीच्या आईबापांस असा डाग नसतो. तिच्या भावंडांस तो नसतो. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांपैकी एकासच हा विकार व्हावा आणि दुसरे निरोगी असावे, अशीही उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. विकार आनुवंशिक म्हणावा, तर तो घराण्यात कोठेच दिसत नाही. बाहेरून जडलेला म्हणावा, तर तो जन्मतःच उपस्थित असतो, आणि तोही शरीराच्या एकाच बाजूस, जणू कोणी मधोमध रेघ आखून ठेवावी तसा.

जेथे शास्त्राला कारण सांगता येत नाही तेथे लोकसमजुती ती उणीव भरून काढतात. आपल्याकडे मुलाच्या अंगावर जन्मखूण दिसली की गर्भारपणी आईने ग्रहण पाळले नसेल, ग्रहणकाळात तिने काही चिरले किंवा कापले असेल, असे म्हटले जाते. आकडी येणाऱ्या मुलाच्या बाबतीत पूर्वजन्मीचे पाप, बाहेरची बाधा किंवा 'आईच्या घराण्यातील दोष' यांपैकी एखादे कारण पुढे केले जाते. या सर्व समजुतींत एक गोष्ट समान आहे. दोष कोणाच्या तरी, बहुधा आईच्या, पदरी घातला जातो. स्टर्ज यांच्या निरीक्षणानंतर १३४ वर्षांनी या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले, त्यात दोषाला जागाच उरत नाही. ते उत्तर समजून घेण्यासाठी पेशीविभाजनाची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

शरीरपेशी आणि बीजपेशी

मनुष्यदेहाचा आरंभ एका पेशीपासून होतो. आईची अंडपेशी व बापाची शुक्रपेशी यांच्या संयोगाने ही पहिली पेशी बनते. तिच्या केंद्रकात डीएनए या रेणूच्या रूपाने देहाची सारी संहिता साठविलेली असते. ही संहिता चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असून आईकडून सुमारे ३०० कोटी आणि बापाकडून तितकीच, अशी एकूण सुमारे ६०० कोटी अक्षरे तीत असतात. पेशी दुभंगण्यापूर्वी या संपूर्ण संहितेची नक्कल होते आणि प्रत्येक कन्यापेशीस एकेक प्रत मिळते. दोहोंच्या चार, चारांच्या आठ, असे करीत पूर्ण देह घडतो.

नक्कल करण्याची ही क्रिया आश्चर्य वाटावे इतकी अचूक आहे. तथापि ती निर्दोष नाही. जुन्या काळी पोथ्या उतरविणारे लेखनिक कितीही दक्ष असले तरी एखादे अक्षर सुटे वा बदले, आणि मग त्या प्रतीवरून उतरविलेल्या प्रत्येक प्रतीत तीच चूक येत राही. पेशींचेही असेच होते. गर्भाच्या अगदी आरंभीच्या विभाजनांत दर खेपेस प्रत्येक पेशीमागे सरासरी एखादे अक्षर बदलते, असा अंदाज आहे. डीएनएमधील अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात.

हा बदल अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत घडला असेल, तर त्या पेशीपासून जन्मणाऱ्या अपत्याच्या प्रत्येक पेशीत तो असतो आणि पुढील पिढीतही जाऊ शकतो. परंतु गर्भधारणा झाल्यानंतर शरीराच्या एखाद्या पेशीत तो घडला, तर तो केवळ त्या पेशीच्या वंशजांतच राहतो. देहाच्या उरलेल्या भागास त्याचा स्पर्शही नसतो. यास कायिक उत्परिवर्तन असे म्हणतात. बीजपेशी आणि शरीरपेशी यांच्यातील हा मूलभूत भेद आउगुस्ट व्हाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञांनी १८९२ साली स्पष्टपणे मांडला होता. मात्र शरीरपेशीतील एका अक्षराच्या बदलाने मेंदूचा विकार उद्भवू शकतो, हे सिद्ध होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

याचा अर्थ असा की, आपणांपैकी प्रत्येकाचा देह हा एकाच संहितेच्या हुबेहूब प्रतींचा बनलेला नाही. तो रंगीबेरंगी तुकड्यांच्या मोझेइक फरशीसारखा आहे. यात भय वाटण्याजोगे काही नाही. प्रथिनांची घडण सांगणारा मजकूर संपूर्ण संहितेच्या सुमारे दीड टक्काच असल्यामुळे बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात आणि त्यांचा माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

या चुकांचा संशोधकांस एक अनपेक्षित उपयोगही झाला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा देशभरातून जमविलेल्या हस्तलिखितांची कुळे त्यांच्यातील सामाईक पाठभेदांवरून लावण्यात आली. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली तर त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, हे त्यामागील सूत्र होते. नेमके हेच सूत्र वापरून अमेरिकेतील क्रिस्टोफर वॉल्श व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली मृत व्यक्तींच्या मेंदूतील एकेका चेतापेशीची संहिता वाचली आणि पेशींची वंशावळ मांडली. तीत असे आढळले की, मेंदूतील एखादी चेतापेशी वंशाने आपल्या शेजारच्या चेतापेशीपेक्षा हृदयाच्या स्नायूतील पेशीस अधिक जवळची असू शकते. शेजार आणि नाते या देहातही दोन निराळ्या गोष्टी आहेत.

केव्हा आणि कोठे

कायिक उत्परिवर्तनाचा परिणाम तीन गोष्टींवर अवलंबून असतो. कोणते अक्षर बदलले, कोणत्या पेशीत बदलले, आणि गर्भवाढीच्या कोणत्या टप्प्यावर बदलले. पहिली गोष्ट सर्वच आनुवंशिक विकारांना लागू आहे. दुसरी आणि तिसरी मात्र कायिक विकारांचे खास वैशिष्ट्य होय.

कल्पना करा की, गर्भ आठ पेशींचा असताना त्यांपैकी एकीत बदल घडला. सर्व पेशी सारख्याच वाढल्या तर देहाच्या सुमारे आठव्या हिश्शात तो उतरेल. त्वचा, रक्त, मेंदू अशा अनेक इंद्रियांत तो विखुरलेला सापडेल. हाच बदल काही आठवड्यांनी, मेंदू आकार घेत असताना, त्याच्या पोकळ्यांच्या काठावरील एखाद्या जनकपेशीत घडला, तर तो मेंदूपुरताच मर्यादित राहील. मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी या काठावर जन्म घेतात आणि तेथून आधारतंतूंच्या कडेने बाहेरच्या थरांकडे स्थलांतर करतात. आरंभीच्या जनकपेशीत बदल झाला तर सबंध अर्धगोल बाधित होतो. उशिराच्या जनकपेशीत झाला तर सुपारीएवढा किंवा त्याहूनही लहान भाग बाधित होतो.

स्टर्ज-वेबर विकाराचे कोडे याच मार्गाने सुटले. रूडोल्फ हाप्ले या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी १९८७ साली असे सुचविले होते की, काही उत्परिवर्तने इतकी घातक असतात की, ती पहिल्या पेशीतच असती तर गर्भ जगलाच नसता. परंतु ती काही थोड्या पेशींत असली तर शेजारच्या निरोगी पेशींच्या आधाराने गर्भ तगतो आणि विकार तुकड्यातुकड्यांनी प्रकट होतो. असे विकार घराण्यात कधीच का आढळत नाहीत, याचाही उलगडा त्यात होता. त्या काळी ही केवळ उपपत्ती होती. २०१३ साली अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील संशोधकांनी रुग्णांच्या बाधित व अबाधित ऊती घेऊन त्यांच्या संहिता अक्षरशः शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. नवव्या गुणसूत्रावरील जीएनएक्यू नामक जनुकात एकच अक्षर बदललेले आढळले. ग्वानिनच्या जागी ॲडेनिन आले होते, आणि त्यामुळे त्या जनुकाने घडविलेल्या प्रथिनाच्या १८३ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल बसले होते. स्टर्ज-वेबर विकाराच्या २६ व्यक्तींपैकी २३ जणांत आणि मेंदूविकाराविना केवळ चेहऱ्यावर डाग असलेल्या १३ जणांपैकी १२ जणांत हाच बदल सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या सहा निरोगी व्यक्तींच्या ऊतींत तो नव्हता.

हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील संदेश आत पोहोचविण्याचे काम करते. संदेश पोहोचला की त्याने स्वतःला बंद करावयाचे असते. एका अमिनो आम्लाच्या बदलाने बंद होण्याची ही शक्ती क्षीण होते आणि संदेश चालूच राहतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींत असे घडले की केशवाहिन्या विकृत व रुंद होतात. केवळ चेहऱ्यावर डाग असलेल्या मुलात आणि मेंदूही बाधित झालेल्या मुलात अक्षराचा भेद नाही. भेद आहे तो वेळेचा. बदल आधी घडला तर त्वचा व मेंदू या दोहोंच्या रक्तवाहिन्यांत तो उतरतो, उशिरा घडला तर त्वचेपुरता राहतो, असे या संशोधकांनी सुचविले. त्याच जनुकाच्या २०९ व्या स्थानी बदल झाला तर मात्र डोळ्यातील एका प्रकारच्या कर्करोगाशी त्याचा संबंध येतो.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. असा द्राक्षरंगी डाग दर हजार नवजात बालकांपैकी सुमारे तिघांस असतो; त्यांपैकी फार थोड्यांसच मेंदूचा विकार असतो. कपाळावर व वरच्या पापणीवर पसरलेला डाग असल्यास वैद्याकडून तपासणी करून घेणे इष्ट होय. परंतु प्रत्येक जन्मखुणेने घाबरून जाण्याचे कारण नाही.

वाढीचा वेग सांभाळणारी साखळी

स्टर्ज-वेबर विकारात मेंदूच्या रक्तवाहिन्या बाधित होतात. आता ज्या विकारांत प्रत्यक्ष चेतापेशीच बाधित होतात त्यांच्याकडे वळू.

काही बालके अशी जन्मतात की, त्यांच्या मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. त्यातील पेशी अवाढव्य व थर विस्कळीत असतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत अशा बालकास झटके सुरू होतात आणि ते औषधांना दाद देत नाहीत. अनेकदा तो अर्धगोल शस्त्रक्रियेने उर्वरित मेंदूपासून अलग करणे हाच उपाय उरतो. वाचणाऱ्याच्या अंगावर शहारा आणणारी ही शस्त्रक्रिया अपस्मारासाठी १९३८ साली कॅनडात प्रथम झाली. लहान बालकांचा मेंदू लवचीक असल्यामुळे उरलेला अर्धगोल पुष्कळशी कामे हळूहळू आपल्याकडे घेतो. मात्र विरुद्ध बाजूच्या हाताच्या बारीक हालचाली व दृष्टीचा अर्धा भाग यांची हानी राहते.

या शस्त्रक्रियांत काढलेल्या ऊतींतूनच कारणाचा शोध लागला. २०१२ साली अमेरिकेतील दोन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, मोठ्या झालेल्या अर्धगोलातील पेशींत पीआयके-३सीए, एकेटी-३ किंवा एमटॉर या जनुकांपैकी एकात बदल झालेला असतो. त्यांपैकी एका अभ्यासात २० बालकांपैकी ६ जणांत असे बदल सापडले, आणि बाधित ऊतीत वाचलेल्या प्रतींपैकी ८ ते ४० टक्के प्रतींत ते होते. ही तिन्ही जनुके एकाच साखळीचे दुवे आहेत. पेशीला अन्न पुरेसे आहे काय, तिने वाढावे की थांबावे, हे ठरविण्याचे काम ही साखळी करते. दुवा बिघडून साखळी सतत चालू राहिली की पेशी प्रमाणाबाहेर वाढते. पीआयके-३सीएमधील नेमका हाच बदल प्रौढांच्या कर्करोगांतही आढळतो. पेशी तीच चूक करतात. पण भ्रूणाच्या मेंदूत तिचे फळ अर्बुद नसून विकृत बांधणी असते.

याच साखळीतील बदल उशिरा घडला तर सबंध अर्धगोलाऐवजी बाह्यकाचा छोटा तुकडा बिघडतो. १९७१ साली लंडन येथील डेव्हिड टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या दहा रुग्णांच्या मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उघड्या डोळ्यांना फारसे वेगळे न दिसणाऱ्या त्या तुकड्यांत चेतापेशी विचित्र आकाराच्या होत्या आणि थरांची रचना मोडलेली होती. या विकृतीस स्थानिक बाह्यकविकृती म्हणता येईल. औषधांना न जुमानणाऱ्या बालवयातील अपस्माराचे ते एक प्रमुख कारण आहे. २०१५ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी अशा ७७ रुग्णांच्या ऊती तपासल्या, तेव्हा १२ जणांत एमटॉर जनुकाचे कायिक उत्परिवर्तन सापडले. ते वाचलेल्या प्रतींच्या केवळ १ ते १३ टक्के प्रतींत होते. इतक्या थोड्या पेशी सबंध मेंदूला झटका देऊ शकतात, ही गोष्ट प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटते. परंतु चेतापेशी एकट्या नसतात. त्या जाळ्याने जोडलेल्या असतात, आणि काही थोड्या पेशींचा अनावर उद्रेक जाळ्यातील निरोगी पेशींनाही आपल्यासोबत ओढून नेतो. त्याच संशोधकांनी उंदरांच्या भ्रूणांच्या मेंदूत हा बदल घडवून पाहिला. उंदरांना झटके येऊ लागले, आणि रॅपामायसिन नावाच्या द्रव्याने ते कमी झाले.

रॅपामायसिनची कथा सांगण्याजोगी आहे. १९६४ साली एक कॅनेडियन मोहीम प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर गेली होती. तेथील मातीच्या नमुन्यांत सापडलेल्या एका जिवाणूपासून माँट्रियल येथील औषधनिर्मात्यांच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य मिळाले; बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून त्याचे नाव पडले. या संशोधनाचे एक प्रमुख सूत्रधार सुरेंद्रनाथ सेहगल हे होते. त्यांचा जन्म १९३२ साली अखंड पंजाबातील खुशाब येथे झाला, आणि औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयात झाले. पुढे कंपनीने ते काम बंद करण्याचे ठरविले, तेव्हा सेहगल यांनी जिवाणूचे नमुने आपल्या घरच्या शीतकपाटात जपून ठेवले आणि काही वर्षांनी पुन्हा काम सुरू करवून घेतले. १९९९ साली मूत्रपिंडाच्या आरोपणानंतर देण्याचे औषध म्हणून त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या प्रथिनावर ते काम करते त्यास याच द्रव्यावरून 'रॅपामायसिनचे लक्ष्य' असे नाव मिळाले. एमटॉर हे त्याचेच संक्षिप्त रूप होय. एका शास्त्रज्ञाच्या चिकाटीने वाचलेल्या औषधाने अशा रीतीने मेंदूच्या एका संपूर्ण विकारवर्गाला नाव पुरविले आहे.

या औषधाच्या जवळच्या एव्हरोलिमस या रूपाची चाचणी ट्यूबरस स्क्लेरोसिस या, त्याच साखळीच्या बिघाडाने होणाऱ्या विकारात घेण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६६ रुग्णांच्या या चाचणीत औषधाची मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ४० टक्के रुग्णांचे झटके निम्म्याने वा अधिक घटले. नकली औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. स्थानिक बाह्यकविकृतीत मात्र तितके निश्चित यश अद्याप मिळालेले नाही. तेथे बाधित तुकडा नेमका हुडकून काढून टाकणे हाच आजही भरवशाचा उपाय आहे. उंदरातील यशावरून मनुष्यातील यश गृहीत धरू नये, हा धडा वैद्यकाने पुष्कळदा घेतला आहे.

रक्त निर्दोष, तरी मेंदू सदोष

अपस्मार असलेल्या मुलाच्या रक्ताची जनुकीय तपासणी होते आणि 'काहीही आढळले नाही' असे उत्तर मिळते. पालक त्याचा अर्थ जनुकांत दोष नाही असा घेतात. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच असतो की, रक्तपेशींत दोष आढळला नाही. मेंदूच्या जनकपेशीत उशिरा घडलेला बदल रक्तात असण्याचे कारणच नाही.

प्रत्यक्ष मेंदूची ऊती मिळाली तरी अडचण संपत नाही. समजा, एखाद्या ऊतीतील १० टक्के पेशींत बदल आहे. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बहुधा त्यांपैकी एकीतच बदल असतो. म्हणून एकूण प्रतींपैकी ५ टक्केच बदललेल्या असतील. प्रचलित पद्धतीने प्रत्येक अक्षर ३० वेळा वाचले, तर बदललेले अक्षर सरासरी दीड वेळच दृष्टीस पडेल. वाचनयंत्राच्या स्वतःच्या चुकाही अधूनमधून होत असतात. तेव्हा हे एखादे निराळे अक्षर यंत्राची चूक की पेशीची, हे ओळखावे कसे? यासाठी तेच स्थान शेकडो किंवा हजारो वेळा वाचावे लागते. हे वाचन परवडण्याजोगे झाले ते गेल्या काही वर्षांतच. मेंदूच्या बांधणीतील दोष असलेल्या १५८ व्यक्तींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्ताचे असे सखोल वाचन केले गेले. सापडलेल्या २७ कारणीभूत बदलांपैकी ८ बदल मोझेइक स्वरूपाचे निघाले, आणि त्या आठांपैकी ५ जुन्या पद्धतीच्या वाचनात दिसलेच नव्हते.

यास्तव शस्त्रक्रियेत काढलेली व मृत्यूनंतर दान केलेली मेंदूची ऊती शास्त्रज्ञांस अनमोल वाटते. भारतात बंगळूरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूच्या ऊतींचे भांडार चालविले जाते. अपस्मारावरील शस्त्रक्रियांची परंपराही आपल्या देशात जुनी आहे. माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली तयार झालेल्या जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे देशातील पहिला मेंदूशस्त्रक्रिया विभाग सुरू केला होता.

आनुवंशिकतेचा आरोप

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांपैकी सर्वांचे कारण कायिक उत्परिवर्तन आहे असा समज मुळीच करून घेऊ नये. जन्माच्या वेळी गुदमरणे, डोक्यास मार लागणे, मेंदूज्वर, अर्धांगाचा झटका अशी अनेक कारणे आहेत. भारतात तर फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणे हे एक फार मोठे कारण आहे, आणि स्वच्छ अन्नपाणी व शौचालये यांनी ते टाळता येण्यासारखे आहे. तथापि समाजाने या सर्वांवर एकच शिक्का मारला: 'घराण्यातला रोग.' १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा उल्लेख विवाहास आड येणाऱ्या गोष्टींत, वेडाच्या जोडीने, केलेला होता. १९९९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अपस्मार हा शब्द तेथून काढून टाकण्यात आला. कायद्यातून शब्द गेला, परंतु विवाह जुळविताना मुलीची आकडी लपविण्याची, आणि लपविण्यासाठी औषध अकस्मात बंद करण्याची घातक रीत अजून गेलेली नाही.

कायिक उत्परिवर्तनांच्या ज्ञानाने या प्रश्नास एक निश्चित उत्तर मिळते. मेंदूपुरताच मर्यादित असलेला बदल अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत नसतो. म्हणून तो आईबापांकडून आलेला नसतो, पुढच्या भावंडात उतरत नाही, आणि रुग्णाच्या स्वतःच्या अपत्यांतही जात नाही. ग्रहणात चिरलेल्या भाजीशी, आईच्या आहाराशी वा मनःस्थितीशी त्याचा संबंध जोडता येत नाही. तो नक्कल करताना पडलेल्या एका अक्षराच्या चुकीचा परिणाम असतो.

या नियमालाही अपवाद आहेत, आणि ते दडविणे योग्य होणार नाही. बदल फार लवकर घडला असेल तर तो शरीराबरोबर बीजपेशींतही शिरलेला असू शकतो. काही घराण्यांत जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते. तेवढ्याने मेंदूची बांधणी बिघडत नाही, परंतु गर्भवाढीत एखाद्या पेशीतील दुसरी प्रतही बिघडली की त्या जागी विकृती निर्माण होते. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाविषयी आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मांडलेला 'दोन आघातांचा' सिद्धान्त असा मेंदूलाही लागू पडला आहे; डीईपीडीसी-५ या जनुकाच्या बाबतीत २०१८ साली त्याचा पुरावा मिळाला. म्हणून प्रत्येक कुटुंबास सल्ला निरनिराळा द्यावा लागतो, आणि तो तज्ज्ञाकडूनच घ्यावा.

वृद्धत्व

चेतापेशी जन्मानंतर सहसा विभागत नाहीत. मग त्यांच्यात नव्या चुका होऊ नयेत, असे वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. अलीकडील मोजमापांनुसार प्रत्येक चेतापेशीत दरवर्षी सुमारे १६ ते १७ अक्षरे बदलत जातात. नक्कल न करताही डीएनएची झीज होते, दुरुस्ती होते, आणि दुरुस्तीत चुका राहतात. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत हे ध्यानी घेतले म्हणजे वृद्धापकाळी एकूण बदलांची संख्या किती प्रचंड असेल याची कल्पना येईल. दुरुस्तीची यंत्रणाच जन्मतः सदोष असणाऱ्या काही दुर्मिळ विकारांत हे बदल अधिक आढळतात. अल्झायमर विकाराने मृत झालेल्या व्यक्तींच्या चेतापेशींतही ते अधिक असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. परंतु ते विकाराचे कारण आहेत की विकाराने झालेल्या नासाडीचा परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. या क्षेत्रात घाईने काढलेल्या निष्कर्षांचे एक उदाहरणही घडून गेले आहे. अल्झायमर रुग्णांच्या चेतापेशींत एका विशिष्ट जनुकाच्या अनेक विस्कटलेल्या प्रती सापडल्याचा दावा २०१८ साली करण्यात आला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने तो पुरावा बव्हंशी प्रयोगशाळेतील बाहेरच्या डीएनएच्या भेसळीने उत्पन्न झाल्याचे प्रतिपादन केले. बालवयातील अपस्माराबाबत जे निश्चित झाले आहे त्याच्या बळावर वार्धक्यातील विकारांविषयी तितक्याच निश्चयाने बोलणे आज उचित नाही.

सध्या संशोधकांचे लक्ष एका व्यावहारिक अडचणीकडे लागले आहे. मेंदूची ऊती शस्त्रक्रियेवाचून मिळत नाही, आणि शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरविण्यासाठीच विकाराचे स्वरूप आधी कळावयास हवे असते. यातून दोन वाटा काढण्यात आल्या आहेत. मृत पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे मेंदूभोवतालच्या द्रवात तरंगत असतात. पाठीच्या मणक्यांतून काढलेल्या या द्रवाच्या थोड्याशा नमुन्यात काही रुग्णांचे बदललेले अक्षर ओळखता आले आहे. दुसरी वाट अधिक साधी आहे. झटक्याचे उगमस्थान शोधण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूत काही दिवस बारीक विद्युत्-शलाका बसवितात. त्या काढून घेतल्यावर पूर्वी टाकून दिल्या जात. आता त्यांच्या टोकांस चिकटून आलेल्या मूठभरही नसलेल्या पेशी धुऊन घेऊन त्यांची संहिता वाचली जाते, आणि कोणत्या शलाकेवर बदललेले अक्षर सापडले यावरून विकाराची जागा कोणती, हे शस्त्रवैद्यास सुरी हाती घेण्यापूर्वी सांगण्याचे प्रयत्न चालू आहेत.